मुली संस्थेत येतात, पण टिकतात कशाने?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय महिलांच्या संस्थांचा सव्वाशे वर्षांचा अनुभव

कोणत्याही महिला मंडळाच्या वार्षिक सभेला जा, एक वाक्य हमखास कानावर पडते. "नव्या मुली येतच नाहीत हो!" शेजारच्या कन्नड भगिनींच्या संघातही हीच तक्रार असते, फक्त भाषा बदलते. नीट पाहिले तर मुली येत नाहीत असे नाही. हळदी-कुंकवाला येतात, स्नेहसंमेलनात नाटुकले बसवतात, एखादे वर्ष धावपळही करतात. मग कुणाचे शिक्षण आड येते, कुणाला बेंगळूरला नोकरी लागते, कुणाचे लग्न होते, कुणाच्या मांडीवर बाळ येते. रजिस्टरात नाव राहते, सतरंजीवर जागा मात्र रिकामी होते.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया सव्वाशेहून अधिक वर्षे त्याच्याशी झुंजत आल्या आहेत, आणि त्यांच्यापुढची अडचण आपल्याहून कितीतरी मोठी होती. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण वसतिगृह, रुग्णालय, ग्रंथालय, मतपेटी अशी अनेक दारे त्यांच्यासाठी बंदच राहिली. म्हणून त्यांनी स्वतःच्या संस्था काढल्या. त्या संस्थांत तरुण मुलगी टिकली नाही तर पुढच्या पिढीला आधारच उरणार नव्हता. या बायकांनी काय केले, काय साधले आणि कुठे चुकले, हे पाहण्यासारखे आहे.

रमाबाईंना भेटलेल्या हॅरिएट

मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केले होते. त्यानंतर पंडिता रमाबाई तिकडे गेल्या. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, आजच्या कर्नाटकातल्या पश्चिम घाटात गंगामूळच्या रानातला. घरात मराठी आणि भोवती कन्नड-तुळू, म्हणजे आपल्यासारख्याच त्या दोन भाषांच्या सीमेवर जन्मलेल्या. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला पोचल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशात फिरल्या. १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' लिहिले. तिकडच्या बायका संस्था कशा उभारतात, वर्गणी कशी गोळा करतात, सभा कशा चालवतात हे मराठी वाचकाला त्यांनी सविस्तर सांगितले.

याच मुक्कामात त्या हॅरिएट टबमन यांना भेटल्या. हॅरिएट स्वतः गुलामगिरीतून पळून सुटल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा जिवावर उदार होऊन मागे जाऊन त्यांनी सुमारे सत्तर जणांना सोडवून आणले होते. या भेटीची हकिकत रमाबाईंनी आपल्या छोट्या मनोरमेला पत्रातून कळवली.

याच हॅरिएट पुढे १८९६ च्या जुलैत वॉशिंग्टनला एका सभेत दिसतात. देशभरातील कृष्णवर्णीय महिला मंडळांना एकत्र आणणारी 'नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड विमेन' ही महासंस्था त्या सभेत स्थापन झाली. मेरी चर्च टेरेल पहिल्या अध्यक्षा झाल्या. वर चढता चढता दुसरीलाही वर घ्यायचे, असे या संस्थेचे बोधवाक्य होते.

मांडीवरचे मूल आणि सभा

त्या सभेला आयडा वेल्स-बार्नेट आल्या होत्या, त्या कडेवर चार महिन्यांचा मुलगा घेऊन. आयडाबाई निर्भीड पत्रकार होत्या. जमावाकडून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांविरुद्ध त्यांनी एकटीने आवाज उठवला होता. लग्न झाले, मूल झाले, आता ही घरात बसणार असेच अनेकांना वाटत होते. सभेत मात्र वृद्ध हॅरिएट टबमन यांनी ते बाळ उचलून सर्वांना दाखवले आणि हे आपल्या संस्थेचे बाळ, अशी त्याची ओळख करून दिली.

हा नुसता कौतुकाचा सोहळा नव्हता. त्याच वर्षी आयडाबाई इलिनॉय राज्यात भाषणांच्या दौऱ्यावर निघाल्या तेव्हा गावोगावी बाळाला सांभाळायला बाई मिळाली पाहिजे, अशी अट त्यांनी घातली आणि आयोजक महिलांनी ती पाळली. म्हणून भाषणे झाली. तरुण आईला संस्थेत टिकवायचे असेल तर तिच्या मुलाचा प्रश्न हा संस्थेचा प्रश्न मानावा लागतो, हे या बायकांनी १८९६ सालीच ओळखले होते. "मूल मोठे झाले की ये हो पुन्हा," असे आपण सहज म्हणतो. मूल मोठे होईपर्यंत सवय तुटते, ओळखी विरतात आणि ती परत येत नाही.

आधी राहायला खोली

दुसरे उदाहरण क्लीव्हलँड शहरातले. जेन एडना हंटर नावाची प्रशिक्षित परिचारिका १९०५ साली दक्षिणेतून या शहरात आली. राहायला बरी, सुरक्षित खोली मिळेना. गोऱ्या मुलींसाठी चालणाऱ्या वसतिगृहांत तिला प्रवेश नव्हता आणि उरलेल्या जागा एकट्या मुलीने राहाव्यात अशा नव्हत्या. १९११ साली तिने आपल्यासारख्याच कष्टकरी मैत्रिणी जमवल्या. आठवड्याला पाच सेंट अशी वर्गणी ठरली. आपल्या भिशीचीच बहीण म्हणा ना! त्या पाच-पाच सेंटांतून सुरुवात झाली, पुढे देणगीदार मिळाले आणि १९१३ साली तेवीस खोल्यांचे घर उभे राहिले. फिलिस व्हीटली या कृष्णवर्णीय कवयित्रीचे नाव संस्थेला दिले गेले. १९२७ पर्यंत संस्थेची नऊ मजली इमारत झाली. तिथे मुलींना खोली मिळे, कामाचे शिक्षण मिळे, नोकरीचा पत्ता मिळे.

या मुलींना संस्थेत या म्हणून गळ घालावी लागली नाही. परक्या शहरात पाऊल टाकल्याच्या पहिल्या रात्री जी संस्था दार उघडते, ती आयुष्यभर आपली वाटते. आज आपल्या मुली पुण्याला, हुबळीला, बेंगळूरला शिकायला जातात. तिथल्या आपल्या मंडळांपैकी किती मंडळे नव्या मुलीला पहिली खोली शोधून देतात, हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

कॉलेज संपले, सभासदत्व नाही

तिकडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांत सर्वांत चिवट ठरली ती कॉलेजातली भगिनीमंडळे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली 'अल्फा काप्पा अल्फा' स्थापन झाले. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींचे हे पहिले असे मंडळ. चारच वर्षांत त्यात वाद झाला. तेव्हा शिकत असलेल्या बावीस मुलींना मंडळाचे नाव आणि रूप बदलायचे होते, सार्वजनिक कामात अधिक उतरायचे होते. नुकत्याच पदवीधर झालेल्या माजी अध्यक्षा नेली क्वांडर यांना तो बदल मान्य नव्हता. समेट झाला नाही. १३ जानेवारी १९१३ रोजी त्या बावीसजणींनी 'डेल्टा सिग्मा थीटा' हे वेगळे मंडळ काढले, तर नेलीबाईंनी त्याच महिन्यात जुन्या मंडळाची कायदेशीर नोंदणी करून ते पक्के केले.

नव्या मंडळाचे पहिले सार्वजनिक काम कोणते? ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात सामील होणे. कृष्णवर्णीय बायकांनी मागे चालावे, असा दबाव त्या दिवशी होता. तरी या मुली आपला फलक घेऊन चालल्या. त्यांच्याबरोबर पन्नाशीला टेकलेल्या मेरी चर्च टेरेल होत्या, महासंस्थेच्या त्याच पहिल्या अध्यक्षा. वडीलधाऱ्या बाईने घरी बसून उपदेश केला नाही, ती बरोबर चालली. मंडळाची शपथही पुढे त्यांनीच लिहून दिली.

घरात भांडण झाले म्हणजे घर बुडाले, असे इथे झाले नाही. दोन्ही मंडळे आजही आहेत आणि प्रत्येकीने आजवर तीन लाखांहून अधिक सभासद पाहिले आहेत. याचे मोठे कारण त्यांच्या रचनेत आहे. कॉलेजची शाखा वेगळी आणि पदवीधरांची शाखा वेगळी. मुलगी पदवी घेऊन दुसऱ्या गावी गेली की तिथल्या पदवीधर शाखेत तिची जागा तयार असते. सभासदत्व गावाशी किंवा वर्गाशी बांधलेले नसते, ते जन्मभराचे असते. भारतीय आईची लेक कमला हॅरिस हॉवर्डला शिकताना १९८६ साली 'अल्फा काप्पा अल्फा'ची सभासद झाली. २०२१ ते २०२५ या काळात ती अमेरिकेची उपाध्यक्ष होती, आणि तिच्या निवडणुकांत या भगिनीमंडळांच्या बायका घरचे कार्य असल्यासारख्या राबल्या.

या मंडळांना दुसरी बाजूही आहे. प्रवेश निवडक असतो, वर्गणी जड असते आणि कॉलेजची पायरी न चढलेल्या मुलीला तिथे जागा नाही. जी आत आली ती टिकली, पण कित्येकजणी दाराबाहेरच राहिल्या.

धाडस तिचे, निर्णय कुणाचे?

दाराबाहेर राहिलेल्या मुलीचे काय होते, याची गोष्ट मनाला लागते. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहर, तारीख २ मार्च १९५५. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विनने नकार दिला. पोलिसांनी तिला बेड्या घालून नेले. हे रोझा पार्क्स यांच्या सुप्रसिद्ध नकाराच्या नऊ महिने आधी घडले. क्लॉडेट नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेच्या युवक शाखेत जात असे आणि त्या शाखेच्या मार्गदर्शक रोझा पार्क्सच होत्या.

गावच्या पुढाऱ्यांनी विचार केला. पोर लहान, घर गरीब वस्तीतले, स्वभाव तापट. पुढे ती लग्नाआधीच गर्भार राहिली. तिला पुढे करून लढा उभारायचा नाही, असे ठरले. डिसेंबरमध्ये बेचाळीस वर्षांच्या रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि ३८१ दिवसांचा प्रसिद्ध बहिष्कार सुरू झाला. त्याची हजारो पत्रके रातोरात छापली ती जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने, दोन विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन. त्या 'विमेन्स पोलिटिकल कौन्सिल' या कृष्णवर्णीय महिला संस्थेच्या अध्यक्षा होत्या.

पण बसमधला भेदभाव कायद्याने संपवला तो कोर्टातल्या खटल्याने. निकालापर्यंत त्या खटल्यात वादी म्हणून ठाम राहिलेल्या चार स्त्रियांपैकी एक होती क्लॉडेट. भर कोर्टात तिने साक्ष दिली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये निकाल कायम केला. १९५८ साली क्लॉडेट गाव सोडून न्यूयॉर्कला गेली. रुग्णसेवेच्या नोकरीत तिने पुढची तीन दशके आणि अधिक काढली. तिच्या नावावरची ती जुनी नोंद कोर्टाने पुसली तेव्हा २०२१ साल उजाडले होते आणि ती ब्याऐंशी वर्षांची होती.

पुढाऱ्यांकडे त्यांची कारणे होती, त्या काळात लढा हरणे परवडणारे नव्हते. तरी संस्थेने त्या मुलीचे धाडस वापरले आणि तिला जवळ केले नाही, हे खरेच आहे. तिची शिक्षा, तिचे बाळंतपण, तिची नोकरी यांत संस्था तिच्यामागे उभी राहिली असती, तर ती गाव सोडून गेली असती का?

एला बेकर यांनी दाखवलेली वाट

पाचच वर्षांनी एका बाईने याच्या अगदी उलटे करून दाखवले. १९६० च्या फेब्रुवारीत ग्रीन्सबोरो गावात चार विद्यार्थी 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि तसे सत्याग्रह गावोगावी पेटले. एला बेकर तेव्हा छप्पन वर्षांच्या होत्या आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संस्थेचे कार्यालय सांभाळत होत्या. त्यांनी एप्रिलमध्ये रॅले येथील शॉ विद्यापीठात शंभराहून अधिक विद्यार्थी प्रतिनिधींना बोलावले. या मुलांना आपल्या संस्थेची युवक शाखा करून टाकावे, असा मोठ्यांचा विचार होता. एलाबाईंनी ते होऊ दिले नाही. मुलांनी आपली संस्था आपण काढावी, आपले निर्णय आपण घ्यावेत, असा आग्रह त्यांनी धरला. त्यातून विद्यार्थ्यांची स्वतंत्र समन्वय समिती जन्मली, 'स्निक' या नावाने ओळखली गेलेली. एलाबाई तिच्या सभांना येत, प्रश्न विचारत, हवी ती मदत करत आणि निर्णय मुलांवर सोडत.

काय निघाले त्यातून? नॅशव्हिलमध्ये एकवीस वर्षांच्या डायन नॅशने शहराच्या महापौरांना भर पायऱ्यांवर प्रश्न विचारला, रंगावरून भेद करणे चूक आहे असे तुम्हाला वाटते ना? महापौरांनी हो म्हटले आणि तीन आठवड्यांत तिथल्या उपाहारगृहांची दारे उघडली. अठरा वर्षांची रूबी डोरिस स्मिथ १९६१ साली आंदोलनात महिनाभर तुरुंगात राहिली. तीच पुढे लग्न होऊन, पदरी लहान मूल असताना, १९६६ साली या संघटनेची कार्यकारी चिटणीस झाली, वयाच्या चोविसाव्या वर्षी. दुर्दैवाने कर्करोगाने १९६७ साली ती गेली. पण चोविशीच्या मुलीकडे सगळ्या संघटनेचा कारभार आणि पैशाचा हिशेब होता, हे विसरता येत नाही.

मोठ्या व्यासपीठांवर मात्र चित्र वेगळेच होते. १९६३ साली वॉशिंग्टनला निघालेल्या प्रचंड मोर्चात मुख्य वक्त्यांच्या यादीत एकही स्त्री नव्हती. डोरोथी हाइट व्यासपीठावर होत्या, बोलायला त्यांना वेळ मिळाला नाही.

खुर्ची मिळणे आणि खुर्ची सोडणे

या डोरोथीबाई संस्थेत आल्या कशा, तेही सांगण्यासारखे आहे. मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांनी १९०४ साली हातात दीड डॉलर आणि पाच मुली एवढ्यावर शाळा सुरू केली होती. पुढे १९३५ साली त्यांनी 'नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन' ही राष्ट्रीय परिषद स्थापली. १९३७ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात परिषदेच्या सभेला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट येणार होत्या. त्यांना आत आणण्याचे काम पंचवीस वर्षांच्या डोरोथीकडे होते. एवढ्या गडबडीत बेथ्यूनबाईंनी त्या मुलीला हेरले, नाव विचारले आणि परत ये, तुझी आम्हाला गरज आहे, असे सांगून कामच सोपवले. ती मुलगी पुढे १९५७ पासून चाळीस वर्षे त्या परिषदेची अध्यक्षा राहिली.

एका वाक्याने एक मुलगी जन्मभरासाठी जोडली गेली. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही दिसते. एक बाई चाळीस वर्षे खुर्चीवर असली, मग ती कितीही थोर असो, तर मधल्या पिढीतल्या पंचवीस वर्षांच्या मुलींना वरची पायरी दिसणार कशी?

नव्या पिढीने याचे स्वतःपुरते उत्तर काढले. २०१३ साली शिकागोजवळ शंभर तरुण कृष्णवर्णीय कार्यकर्ते जमले आणि त्यांतून 'ब्लॅक यूथ प्रोजेक्ट १००' ही सभासदांची संघटना निघाली. अठरा ते पस्तीस ही सभासदत्वाची वयोमर्यादाच ठरवली गेली. पहिल्या राष्ट्रीय संचालक चार्लीन कारूथर्स यांनी पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, पद सोडले. अशा नियमाने अनुभव लवकर बाहेर जातो, हा त्याचा तोटा. पण आत येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला आपली पाळी नक्की येणार हे ठाऊक असते.

पोटाचा प्रश्न

उत्साह कितीही असला तरी पोट चुकत नाही. 'स्निक'च्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना आठवड्याला दहा डॉलर मिळत. एक-दोन वर्षे त्यात निभते, जन्म निघत नाही. आजही तिकडे पैशाची स्थिती फारशी सुखाची नाही. 'मिस फाउंडेशन'च्या २०२० च्या अहवालाने दाखवले की श्वेतवर्णीय नसलेल्या स्त्रिया आणि मुलींसाठीच्या कामाला मोठ्या देणगीदार संस्थांच्या एकूण देणग्यांपैकी जेमतेम अर्धा टक्का मिळतो. अशा प्रत्येक स्त्रीच्या वाट्याला तो वर्षाला साडेपाच डॉलरही येत नाही. एवढ्याशा पैशात संस्था चालवायची म्हणजे तरुण मुलींच्या फुकटच्या श्रमावर चालवायची. ज्या मुलीला घरभाडे आणि शिक्षणाचे कर्ज फेडायचे आहे, ती किती दिवस फुकट राबेल? ती गेली की "आजकालच्या मुलींना तळमळ नाही" म्हणायला आपण मोकळे!

आपल्यासाठी

त्यांचा लढा आणि आपले मंडळ यांची तुलना करणे बरोबर नाही. त्यांच्यापुढे जिवाचा प्रश्न होता. पण माणूस संस्थेत का रमते, याची कारणे सगळीकडे सारखीच असतात. मंडळाच्या पुढच्या सभेत थोडे प्रश्न विचारून पाहावेत. कार्यकारिणीत तिशीच्या आतल्या किती जणी आहेत? बँकेच्या खात्यावर त्यांच्यापैकी एकीची तरी सही चालते का? सभेची वेळ नोकरी करणारीला जमते का, आणि सभा चालू असताना मुलांकडे कोण पाहते? गाव सोडून गेलेल्या मुलीला दुसऱ्या गावच्या मंडळाचा पत्ता कुणी दिला का? आणि भाषेवरून कुणी दाराबाहेर राहते का? आपल्या कित्येक घरांत सून कन्नड माहेरची असते. ती अक्का म्हणेल, आपण ताई म्हणू. कामाला दोन्ही हाक सारख्याच.

बेथ्यूनबाईंनी त्या पंचवीस वर्षांच्या मुलीचे आधी नाव विचारले होते. आपल्या मंडळात शेवटच्या रांगेत बसून खुर्च्या आवरणाऱ्या मुलीचे नाव अध्यक्षाबाईंना ठाऊक आहे का? नसेल तर ते विचारून घ्यावे, आणि पुढच्या महिन्याचा जमाखर्च तिच्याकडे द्यावा.